टेल्युरिअम आधी, आयोडीन नंतर – असं का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. टेल्युरिअमचं अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचं १२६.९, तरी आवर्तसारणीत टेल्युरिअम आधी का, असं ती विचारते. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : नाही. तिनं आकडे ताडून पाहिले याचं मनापासून कौतुक वाटतं, कारण नेमक्या याच जागी मेंडेलीव्हही अडला होता. १८६९ साली त्यानं मूलद्रव्यं वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं मांडली. पण आयोडीनचे गुणधर्म क्लोरीन-ब्रोमीनशी जुळत होते. त्यानं गुणधर्मांना कौल दिला आणि टेल्युरिअमच्या मोजमापातच चूक असावी असं मानलं. जागा त्यानं अचूक दिली, चुकीचा होता तो संशय.

उलगडा १९१३ मध्ये झाला. हेन्री मोस्लेनं मूलद्रव्यांमधून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि दाखवून दिलं, की खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा आहे. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३.

मग टेल्युरिअम जड का? न्यूट्रॉनमुळे. निसर्गातल्या आयोडीनचा जवळपास प्रत्येक अणू १२७ वस्तुमानांकाचा असतो. टेल्युरिअमचे मात्र अनेक समस्थानिक आहेत आणि त्यांत १२८ व १३० वस्तुमानांकांचे अणू मिळून सुमारे दोन तृतीयांश भरतात. सारणीतला आकडा या साऱ्यांची सरासरी असतो.

मुलीला आता अरगॉन-पोटॅशिअम आणि कोबाल्ट-निकेल या जोड्याही तपासायला सांगा. तिथंही हेच दिसेल.