धक्का पुन्हा बांधताना

वादळात लाकडी धक्का मोडला की दोष लाटांना दिला जातो. बारकाईने पाहिले तर त्यातील काही वाटा बांधणीचाही असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या कॅपिटोला गावचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

तेथील धक्का मूळचा १८५७ सालचा. पुढे मालवाहतूक संपली, पण गळ टाकणाऱ्यांची वर्दळ राहिली. कारण त्या राज्यात सार्वजनिक धक्क्यावरून समुद्रात मासे धरायला परवाना लागत नाही. ज्याच्यापाशी होडी नाही त्याला धक्क्याचाच आधार. ५ जानेवारी २०२३ रोजी उसळलेल्या लाटांनी हा धक्का मध्येच तोडला, आणि तोही अरुंद भागात. खांब थोडे असले की एक निखळताच त्याचे ओझे शेजारच्या खांबांवर येते. म्हणून नव्या बांधणीत २० फुटांची वाट ३६ फूट रुंद केली आणि फायबरग्लासचे शंभराहून अधिक खांब रोवले. धक्क्यावरील सोयींसाठी नागरिकांनी देणग्या जमविल्या. २५ सप्टेंबर २०२४ रोजी धक्का सर्वांना खुला झाला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ डिसेंबर रोजी, जवळच्या सांताक्रूझ येथील धक्क्याचे टोक कोसळले. आधीच्या वादळातील नुकसानीची दुरुस्ती तेथे चालूच होती! मजबुतीइतकेच महत्त्व वेळेलाही आहे, हे यावरून दिसते.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आपल्या कोकणानेही सोसले आहे. किनाऱ्यावरून येणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी सुट्टीत आपल्या गावचा धक्का या नजरेने एकदा अवश्य पाहावा.