ब्रेकच्या कामात जुगाड कुठे चालतो?

मित्रांनो, तुम्ही मेकॅनिकलला आहात म्हटल्यावर सुट्टीत घरच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार! गॅरेजमधली खास हत्यारं घरी नसतात, मग सुरू होतो जुगाड. तो सगळीकडे वाईट नसतो. पण खास हत्यार नेमकं कशासाठी केलंय, हे आधी समजून घ्यायला हवं.

नवा पॅड जाड असल्यामुळे कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. पुढच्या चाकांना हे काम वर्कशॉपमधल्या साध्या सी-क्लॅम्पने, मधे जुना पॅड धरून, छान होतं. फक्त टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी बघत राहा, कारण ते वर चढतं आणि सांडलं तर गाडीचा रंग खातं. (आपण 'ऑइल' म्हणतो, पण ते ग्लायकॉल इथरचं द्रव आहे. त्यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर रबरी सील फुगतात.)

मागे डिस्क असेल तर मात्र थांबा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असतो आणि पिस्टन आतल्या स्क्रूवर बसवलेला असतो. तो दाबता दाबता फिरवावा लागतो, त्यासाठी विंड-बॅक टूल लागतं. नुसता क्लॅम्प आवळलात तर आतली यंत्रणा मोडेल. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. ते काम सरळ गॅरेजला द्या.

आता जॅक. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नव्हे. खाली जॅक स्टँडच हवा, विटा अजिबात नकोत. ठिसूळ पदार्थ न सांगता फुटतो, हे मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण सगळेच लिहितो, पण घरी विसरतो! जमीन सपाट आणि कडक हवी, टेकलेल्या चाकांना दगड लावा, आणि नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा.

कॅलिपर काढल्यावर तारेने बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. धुळीवर फुंकर मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

सगळं बसवल्यावर चावी फिरवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. मग फाटकाच्या आतच, अगदी हळू, दोन-तीनदा लावून बघा.