‘बेन्देर’ म्हणजे विकणे

हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतले गणपती परदेशी जातातच. पनामात भारतीय व्यापारी आहेत आणि तिथली भाषा स्पॅनिश. म्हणून आज एकच क्रियापद: बेन्देर, विकणे. लिहिताना ‘व्ही’, बोलताना ‘ब’.

मी विकतो, बेन्दो. तू विकतोस, बेन्देस. शेवटचा ‘स’ बघा, आपल्यासारखाच! तो विकतो, बेन्दे. आम्ही विकतो, बेन्देमोस. ते विकतात, बेन्देन. विकतो-विकते असा भेद नाही. ताई, तुम्हीपण बेन्दोच म्हणा. गिऱ्हाइकाला मात्र आदराचं ‘उस्तेद’ लावा, त्याच्यासोबत ‘बेन्दे’ येतं. पाटीवर ‘से बेन्दे’ दिसलं, की समजा ‘विकणे आहे’.

खरी गोची भविष्यकाळात. ‘बेन्देरे’ म्हणजे मी विकेन. ‘बेन्द्रे’ म्हणजे मी येईन. ते क्रियापदच वेगळं, ‘बेनिर’. ‘बेन्द्रे एन हूनिओ’ असा मेसेज आला, तर पार्टी जूनमध्ये फक्त येतेय. ऑर्डर समजून रंगकाम काढू नका, आधी ॲडव्हान्स घ्या. आपलं आडनाव लक्षात ठेवा: बेंद्रे येणार!

माल उधारीवर गेला असेल तर सीझननंतर विचारा, ‘से बेन्दिओ?’ विकला गेला का? ‘सी’ असं उत्तर आलं, की त्याच मेसेजखाली बिल पाठवा.