एक ब्रास रेती म्हणजे किती?



आपल्या नागपूर जिल्ह्यात घर बांधायचे म्हटले की कन्हान नदीच्या रेतीचे नाव निघते. रेती ब्रासवर विकतात. पण एक ब्रास म्हणजे किती, हे विचारले तर पुष्कळ मोठी माणसे "एक ट्रॉली" असे सांगतात. ते बरोबर नाही. ट्रॉली लहान-मोठी असते, ब्रास लहान-मोठा नसतो.

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. घनफूट म्हणजे काय? एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. असे 100 ठोकळे म्हणजे एक ब्रास.

आता ट्रॉली मोजू. समजा ट्रॉली आतून 10 फूट लांब व 6 फूट रुंद आहे. तळाला एका ओळीत 10 ठोकळे बसतील. अशा 6 ओळी. म्हणजे एका थरात 60 ठोकळे झाले. फळ्या 2 फूट उंच असल्या तर दोन थर, म्हणजे 120 घनफूट. म्हणूनच घनफळ काढताना लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करतात. पहिल्या दोघांचा गुणाकार एक थर सांगतो, उंची किती थर ते सांगते. हे समजले की सूत्र पाठ करायची गरजच नाही.

या ट्रॉलीत एक ब्रास रेती किती उंच येईल? 100 ला 60 ने भागा. 1 फूट 8 इंच येते.

आमच्या घराच्या कामाला अशीच ट्रॉली आली होती. बाबांनी वरची रेती फावड्याने सारखी केली आणि मी पट्टी उभी खुपसली. 1 फूट 6 इंच भरली. दोनच इंच कमी! पण 60 ला दीडने गुणले तर 90 घनफूट होतात, म्हणजे 10 घनफूट गेले. अशा 5 ट्रॉल्या आल्या तर अर्धा ब्रास जातो आणि पैसे पूर्ण द्यावे लागतात. ट्रॉलीवाले भाऊ म्हणाले, "येता येता दबली जी." हादऱ्याने रेती थोडी दबते हे खरे आहे. पण भिंतीला लागणार ती उतरलेली रेती, म्हणून मोजायची ती इथेच. दुसऱ्या खेपेला बाबांनी ट्रॉली रिकामी करायच्या आधीच पट्टी लावली. ती पूर्ण निघाली.

मोजताना ट्रॉलीचे माप आतून घ्यावे, बाहेरून नाही. रेती ओलसर असली तर ती फुगते व जास्त जागा घेते. गिलासात कोरडी रेती काठोकाठ भरा, मग ती काढून थोड्या पाण्याने कालवा आणि परत भरून पाहा. मावत नाही!

रेती ओतून टाकली असली तर काय करायचे? गुरुजींनी आम्हाला भास्कराचार्यांची रीत सांगितली. त्यांनी 1150 साली लीलावती हा ग्रंथ लिहिला. त्यात खळ्यातल्या धान्याच्या राशीचे गणित आहे. ढिगाभोवती दोरी फिरवून परीघ घ्यावा. त्याला 6 ने भागावे. जे येईल त्याला त्यानेच गुणावे आणि मग उंचीने गुणावे. परीघ 30 फूट व उंची 3 फूट असली तर 5 गुणिले 5 गुणिले 3, म्हणजे 75 घनफूट. गुरुजी म्हणाले की ही रीत थोडे जास्त दाखवते, खरे उत्तर 72 च्या जवळ आहे. मला तरी ही रीत फार आवडली, कारण नुसत्या दोरीने काम होते.

ढीग भिंतीला टेकलेला असला तर दोरी अर्धीच फिरते. मग तिची दुप्पट करून गणित करावे व उत्तर अर्धे करावे. कोपऱ्यातला ढीग असला तर चौपट करावी व उत्तराचा चौथा हिस्सा घ्यावा.

आता तुम्ही सोडवा. ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात गव्हाची रास आहे. दोरी 9 फूट भरली, उंची 3 फूट आहे. गहू किती घनफूट? उत्तर पाटीवर लिहून मला दाखवा.