हाताची सवय

डोक्यास जबर मार लागून इस्पितळातून घरी परतलेला विद्यार्थी शाळेत येऊ लागला, की 'याची अक्षरओळखच गेली' असे मानून त्यास पुनश्च मुळाक्षरे गिरवावयास बसविण्याकडे आपला कल असतो. या बाबतीत रशियातील झासेत्स्की नामक सैनिकाची हकीकत शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

सन १९४३ च्या मार्चमध्ये स्मोलेन्स्क भागातील लढाईत या तरुणाच्या डोक्यात गोळी शिरून मेंदूचा डावा मागील भाग दुखावला. पूर्वी तो तंत्रविद्या शिकत होता. आता त्यास एकही अक्षर ओळखता येईना, उजवीकडचे दिसेना, 'भावाचे वडील' आणि 'वडिलांचा भाऊ' यांतील भेद उमजेना. कित्येक महिने तो एकेक अक्षर घोकून शिकला. पण लिहू लागताच अक्षराचा आकार मनातून निसटे. एके दिवशी डॉक्टरांनी सांगितले, 'अक्षरांचा विचार करू नका. हात न उचलता सबंध शब्द लिहून टाका.' त्याने 'रक्त' या अर्थाचा रशियन शब्द लिहिला. तो बरोबर होता. मात्र लिहिलेले त्याचे त्यास वाचता येईना!

असे का व्हावे? आकार व दिशा जाणणारा मेंदूचा भाग दुखावला होता. परंतु वर्षानुवर्षांच्या लेखनाने हातात भिनलेली सवय शाबूत होती. पुढे किमोव्स्क येथे आई व बहिणींजवळ राहून त्याने सुमारे २५ वर्षांत ३००० पाने आत्मकथन लिहिले. ते आधारास घेऊन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी १९७१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दृष्टी व वाचन मात्र पूर्ववत झाले नाही. रोजची साधी घरकामेही त्यास अखेरपर्यंत जड गेली.

प्रत्येक दुखापत निराळी असते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला प्रथम. तथापि काय गेले याआधी काय उरले, हे शिक्षकास पाहता येते. देवनागरीत हात न उचलता लिहिणे कठीण खरे. पण मुलाने स्वतःचे नाव हजारदा लिहिलेले असते. ते एका दमात लिहावयास सांगावे. कविता म्हणता येते का, पाढे येतात का, हेही पाहावे. सूचना एका वेळी एकच व आखूड द्यावी. उजवीकडचे दिसत नसेल तर त्यास वर्गाच्या उजव्या अंगास बसवावे, म्हणजे फळा डावीकडे येतो. असा मुलगा लवकर थकतो; त्यास आळस समजू नये. घरी आईवडिलांना सांगावे, की रोज थोडेच लिहू द्या, चुका लगेच खोडू नका आणि वही तारीख घालून जपून ठेवा. पुढल्या तपासणीच्या वेळी ती डॉक्टरांस दाखविता येईल.