मागून एका बाजूला बसलेली एमजीबी

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला राहतो. 1972 सालची एमजीबी रोडस्टर पाहून आलो. रंग, सीट, इंजिन, सगळं मनासारखं आहे. पण मागून पाहिलं तर गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर खाली दिसते. मालक म्हणतो, ‘एमजी अशाच बसतात, शॉकअप बदलले की वर येईल.’ मेहुणा म्हणतो, गाडीचा सांगाडाच वाकडा आहे, नाद सोडा. कुणाचं ऐकू?

उत्तर : तुमची अडचण अशी की गाडी आवडली आहे, पण ती एका अंगाला कलली आहे आणि त्याची दोन कारणं दोन माणसं ठामपणे सांगताहेत. मालकाचं औषध चुकीचं आहे आणि मेहुण्यांनी निदानाची घाई केली आहे. क्रमाने पाहू.

आधी शॉकअप. मोटारीचं वजन शॉकअप पेलतो, हा समज भलताच चिवट आहे. एमजीबीच्या मागच्या बाजूला अखंड एक्सल आहे आणि त्याच्या दोन टोकांना दोन कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा. सगळा भार त्यांच्यावर. शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली डबी आणि तिला जोडलेला एक दांडा. कमान हलली की तिचं हलणं लवकर थांबवणं, एवढंच त्याचं काम. तो काढून बाजूला ठेवला तरी उभी गाडी खाली येणार नाही, आणि नवा बसवला तरी वर जाणार नाही.

म्हणजे संशय कमानीवर. पन्नास वर्षं भार सोसून पोलादाचा ताण कमी होतो, पाट्यांच्या मध्ये गंज शिरतो, क्वचित एखादा पाटा मोडतो. उजवीच बाजू का? इंग्लंडातल्या गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो आणि अशा दोन सीटच्या गाडीत तो बरेचदा एकटाच असतो. तेव्हा त्या बाजूची कमान जास्त थकली असेल, तर त्यात नवल नाही.

पण आरोप ठेवण्यापूर्वी मोजा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. उतरती जमीन किंवा टायरमधली कमी हवा एवढंही डोळ्यांना फसवायला पुरतं. सपाट जागा निवडा, हवा सारखी करा, बूट रिकामा करा. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर आधी थोडी पुढेमागे ढकला, कारण पाटे एकमेकांवर अडकून राहतात आणि गाडी खोटी उंच उभी राहते. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक हिशेबात घुसतो. चाकाच्या मध्यापासून मोजलं की तो आपोआप गळतो. ही कड दुरुस्तीत हाताने घडवलेली असू शकते, म्हणून बाजूने गेलेल्या क्रोमच्या पट्टीपर्यंतही एक माप घ्या. चारही चाकांची मापं कागदावर लिहा.

चारही का, तर मोटार तिरकीही कलते. पुढची एक स्प्रिंग बसली, तर तो कल मागेही दिसतो, आणि बिचाऱ्या मागच्या कमानीवर नसता आळ येतो. याची एक जुनी युक्ती आहे. पुढच्या आडव्या बीमच्या बरोबर मधोमध जॅक लावून पुढची चाकं उचला. आता पुढच्या स्प्रिंगांना मत नाही. तरीही मागे उजवी बाजू खालीच राहिली, तर दोष मागचाच. कल गेला, तर पुढे शोधा. या वेळी गाडीखाली जायचं नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीच जाऊ नये.

दोष मागे निघाला तर गाडी स्टँडवर किंवा रॅम्पवर घेऊन कमानी पाहा. बिनभाराची कमान दोन्ही टोकं वर केलेली असते. गाडीचं वजन आलं की जवळजवळ सपाट होते. टोकं खाली आणि पोट वर अशी उलटी वळली असेल, तर ती संपली. एक कमान नवी, एक जुनी असा जोडा दिसला, तर कलाचं कोडं तिथेच सुटलं. एक्सल आणि कमान यांच्यात लोखंडी ठोकळा घातलेला आहे का, हेही पाहा. तो गाडी मुद्दाम खाली आणायला घालतात. 1974 च्या शरदात अमेरिकी नियमांसाठी या गाडीला काळे रबरी बंपर आले आणि उंची सुमारे दीड इंच वाढली, तेव्हापासून हा उद्योग फार चालतो. तुमची 1972 ची, क्रोम बंपरची. शेजाऱ्याच्या रबरी बंपरवालीशी तिची उंची ताडून पाहू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मेहुण्यांची शंका अगदीच वाया जात नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंगच सांगाडा आहे. कमानीचं पुढचं टोक सीटमागच्या तळाला जोडलेलं असतं, दाराखालच्या सिलच्या मागच्या टोकाजवळ. नेमकं तिथेच पाणी आणि मीठ साचतं. कमान थकणं हा किरकोळ खर्च. ती ज्या पत्र्याला धरून आहे तो कुजणं हा मोठा. नवी कमान घालून गाडी सरळ झाली, पण बोल्टखालचा पत्रा पापडासारखा असला, तर तुम्ही सरळ दिसणारी धोकादायक गाडी घेतलीत. तिथे टॉर्च मारा, पेचकसाच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. रंगाचा जाड थर, ताजं काळं डांबरी लेपन किंवा एकावर एक डकवलेले पत्रे दिसले, तर मालकाला नीट विचारा. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यामधली फट वर अरुंद, खाली रुंद असेल, तर सिलनेच मान टाकली आहे. सीटमागे बॅटरीच्या दोन पेट्या असतात (त्या काळी सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत). त्यांचे तळ पाहायलाही विसरू नका.

चाळीस वर्षांवरच्या आणि मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांना 2018 पासून ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे ‘कागद सगळे ठीक आहेत’ म्हणजे गाडी खालून कुणी तपासली आहे असं नव्हे. नंबर टाकून जुन्या तपासण्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. स्प्रिंग बसवलेल्या जागेजवळ गंज अशी नोंद दिसली तर थांबा. शिवाय मालकाकडे ऐच्छिक एमओटी मागा. तपासनीस सस्पेन्शनच्या जोडापासून तीस सेंटिमीटरपर्यंतचा पत्रा बघतो, आणि तुम्हाला हवं आहे तेच.

शॉकअपही एवीतेवी तपासा. कोपरा दाबून सोडला तर गाडी वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे, पण पाट्यांचं आपसातलं घर्षणही झोके थांबवतं, म्हणून एवढ्यावर पास करू नका. दांड्याच्या मुळाशी ओलं तेल गळत असेल, तर दुरुस्ती लागेल.

पत्रा ठणठणीत निघाला तर गाडी जरूर घ्या, आणि दोन नव्या कमानींची किंमत भावातून वजा करायला सांगा. दोन म्हणजे दोनच, जोडीने. बसवताना रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. हवेत आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत राहतं आणि लवकर फाटतं. नव्या कमानींवर गाडी सुरुवातीला जरा उंचच दिसते. थोडी चालवल्यावर ती खाली येते, तेव्हा पहिल्याच दिवशी दुकानदाराला फोन लावू नका.