मोर्चा आणि मस्टर

मोर्चाच्या आदल्या दिवशी कामगाराने पहिलं काम करायचं ते रजेच्या अर्जाचं. झेंडे, टोप्या, टेम्पोची वर्गणी हे सगळं नंतर. अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर 'मिळाला' म्हणून सही, तारीख आणि जमलं तर शिक्का घ्यायचा. टाइमकीपर म्हणेल, "ठेव तिथे, साहेब आले की बघतील." ठेवायचा नाही, सही मिळेपर्यंत तिथेच उभं राहायचं. सही देतच नसेल तर तोच अर्ज त्याच दिवशी मुरबाडच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती घरात जपून ठेवायची. मोबाइलवरून पाठवलात तरी चालेल, पण सुपरवायझरच्या खासगी नंबरवर नको. ज्या ग्रुपवर रोजची शिफ्ट लागते तिथे टाका, म्हणजे चार जणांनी पाहिलेलं असतं.

माझी उमेदीची वर्षं मुरबाडच्या एमआयडीसीत मशीनवर गेली. पुढे युनियनचं काम केलं आणि कामावरून काढलेल्या पोरांबरोबर कल्याणच्या कामगार कार्यालयाच्या आणि ठाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिलो. मोर्चाला गेला म्हणून काढलं, असं लिहून दिलेला कागद मी अजून पाहिलेला नाही. कागदावर असतं 'विनापरवानगी गैरहजर', 'कामात अडथळा', 'वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा'. कोर्टात तुमच्या मागण्यांवर कुणी बोलत नाही, बोलतात ते मस्टरवर. म्हणून मोर्चाला जाऊ नका असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मागितल्याशिवाय या तालुक्याला काही मिळालेलं नाही, ना पाणी, ना वनजमिनीचा दाखला, ना किमान वेतन. जा, पण मागे मस्टरची सोय लावून जा.

रजा नामंजूर झाली तर? मग शिफ्ट बदलून घ्यायची. तहसील कचेरीवरचा मोर्चा सकाळी अकराला निघतो आणि निवेदन देऊन दुपारी मोकळा होतो. दुसऱ्या शिफ्टवाल्याने जाऊन यावं, पहिल्या शिफ्टवाल्याने सहकाऱ्याशी अदलाबदल करावी, आणि ती अदलाबदल दोघांच्या सहीने लिहून सुपरवायझरकडे द्यावी. खातं सगळं रिकामं करून जाण्यापेक्षा ठरवून काही माणसं पाठवणं आणि बाकीच्यांनी त्यांची वर्गणी भरणं, हा आमच्या काळचा रिवाज होता. तो अजूनही चालण्यासारखा आहे.

लांबच्या मोर्चाचा हिशोब वेगळा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून आपल्या शहापुरातून मुंबईला गेला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला वासिंदला थांबला आणि सरकारशी बोलणी होईपर्यंत तिथेच बसून राहिला. अशा वेळी एका दिवसाची रजा टाकून गेलेला पोरगा चार-पाच दिवस परतत नाही. आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांहून जास्त विनारजा गैरहजर राहणं हे गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे, आणि मंजूर रजा संपल्यावर कारणाशिवाय न येणंही. तेव्हा वाटेत असाल तिथून रजा वाढवून मागा. नाही मिळाली तरी मागितल्याचा पुरावा राहतो.

आणि आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट कधीही लावू नका. मला याची फार चीड आहे, कारण यात चांगली, सरळ पोरं गेली. डॉक्टर ओळखीचा असतो, तापाचा दाखला मिळतो, आणि त्याच दिवशी तीन हात नाक्यावर झेंडा धरलेला फोटो कुणाच्या तरी स्टेटसला असतो. एका दिवसाच्या गैरहजेरीला समज मिळाली असती, फार तर पगार कापला असता. खोटा कागद लावला की ती फसवणूक होते, आणि फसवणुकीत काढलेल्या माणसाची बाजू मांडताना वकिलाचीही जीभ अडखळते. अर्जात 'घरगुती काम' लिहा, 'वैयक्तिक कारण' लिहा, नाहीतर सरळ मोर्चा लिहा. जे खोटं ठरेल ते लिहू नका.

आता कायदा बदलला आहे, तो नीट ऐका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तो संपच धरला जातो. संप करायचा तर १४ दिवस आधी नोटीस हवी. पूर्वी ही नोटिशीची सक्ती केंद्राच्या कायद्यात पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांपुरती होती, आता सगळ्याच कारखान्यांना आहे. नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू होतात, आणि बोलणी चालू असताना व त्यानंतर सात दिवस संप केला तर तो बेकायदेशीर. म्हणजे दार दाखवायचं आणि कडी लावायची. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा म्हणून भांडलंच पाहिजे. पण आज तो लागू आहे, आणि बेकायदेशीर संपात सामील झालेल्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय दहा किंवा अधिक कामगार ठरवून, नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले आणि नोकरीच्या अटींत तशी तरतूद असेल, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. ही तरतूद जुन्या वेतन कायद्यातही होती. "आपण सगळे मिळून सीएल टाकू, कोण काय करणार?" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा.

एसटीचा संप आठवा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला, नोव्हेंबरात राज्यातली २५० आगारं बंद पडली, त्यात आपलं मुरबाड आणि शहापूरही. मागणी होती महामंडळ सरकारात विलीन करण्याची. ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार किती तुटपुंजा होता हे आपल्याला माहीत आहे, त्यांच्या मागणीत खोट नव्हती. २४ नोव्हेंबरला सरकारने वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ पगारात ५ हजार, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४ हजार, त्यापुढच्यांना अडीच हजार. एसटीच्या इतिहासात इतकी वाढ एकदम मिळाली नव्हती. काही जण कामावर गेले, पुष्कळ जण विलीनीकरणासाठी बसून राहिले. मग निलंबनं सुरू झाली, दहा हजारांच्या वर गेली, हजारोंना बडतर्फीचे कागद आले. शेवटी ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि हजर होणाऱ्यांना काढू नका असं महामंडळाला बजावलं. पाच महिने पगार नाही, विलीनीकरणही नाही, पण नोकरी वाचली.

आणि दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, काही जण शरद पवारांच्या मुंबईतल्या घरावर चालून गेले. चपला, दगड फेकले गेले, शंभराच्या वर कर्मचाऱ्यांना अटक झाली. कोर्टाने बाकीच्यांना दिलेलं संरक्षण त्यांच्या वाट्याला आलं नाही. सरकार बदलल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यांना परत घेण्याचा निर्णय झाला. तोवर त्यांच्या घरात काय झालं असेल ते त्यांच्या बायकांना विचारा. गैरहजेरीचा खटला कामगार कायद्यात चालतो, तिथे तडजोड होते. दगडाचा खटला फौजदारीत जातो, तिथे युनियनचं कुणी ऐकत नाही. गर्दी रस्ता सोडून कुणाच्या दाराकडे वळली की तुम्ही मागे फिरा. भित्रा म्हणतील, म्हणू द्या.

संपावर जाण्याआधी पुढाऱ्याला दोन प्रश्न सगळ्यांसमोर विचारा. अर्धी मागणी मिळाली तर काय करायचं, आणि परत जायचं हे कोण ठरवणार? उत्तर आधी मिळालं तर एसटीवाल्यांना नोव्हेंबरात मिळाली तशी वाढ हातात घेऊन माणूस घरी येतो. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, आणि तो संप मागे घेतल्याचं अधिकृतपणे कुणी कधी जाहीरच केलं नाही. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्यावर त्या माणसांचा जीव होता, आणि त्यांची मागणीही रास्त होती. पण परतीची वाट कुणीच आखली नव्हती.

ठेकेदाराकडे असलेल्यांसाठी थोडं सविस्तर बोलतो, कारण एमआयडीसीत आज बहुतेक पोरं ठेक्यावरच आहेत. तुम्हाला चार्जशीट येत नाही, नोटीस येत नाही. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन म्हणतो, "तुझं नाव नाही यादीत, ठेकेदाराला भेट." ठेकेदार फोनवर म्हणतो, "थोडे दिवस थांब, बोलावतो." आणि तुम्ही थांबता. इथेच नोकरी जाते. दोन महिन्यांनी तक्रार केली की तो लेखी सांगतो, आम्ही काढलंच नाही, तो स्वतःच यायचा बंद झाला. थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या वेळेला पुन्हा गेटवर जायचं, बरोबर एक साक्षीदार न्यायचा, वेळ टिपायची. संध्याकाळी ठेकेदाराला आणि कंपनीला, दोघांनाही, एकच पत्र स्पीड पोस्टाने टाकायचं: मी अमुक तारखेला, अमुक वाजता कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला आजही तयार आहे, माझी हजेरी लावावी. चार ओळी पुरतात. त्याच आठवड्यात दुसरं पत्र. दोन्हींची प्रत कामगार आयुक्तांच्या कल्याण कार्यालयाला.

तुम्ही तिथे कामाला होतात हेच ठेकेदार नाकारेल, म्हणून पुरावा आजपासून गोळा करा, मोर्चा असो वा नसो. ईएसआयचं कार्ड, पीएफचा यूएएन नंबर आणि पासबुकाचा प्रिंट, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, गेटपास, युनिफॉर्मवरचा बिल्ला, शिफ्टचे मेसेज. हे सगळं मोबाइलमध्येच ठेवू नका, मोबाइल हरवतो आणि फुटतो. सरळगाव किंवा मुरबाडला झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि रेशनकार्डाजवळ ठेवा.

कायम कामगाराला मात्र कागद येतो, आणि तो घ्यायला लोक घाबरतात. पोस्टमन आला की बायको सांगते, घरी नाहीत. त्याने काही टळत नाही. कागद दारावर चिकटवतात, पेपरात जाहीर करतात आणि चौकशी तुमच्या पाठीमागे उरकून घेतात. कागद घ्या, पाकिटावर तारीख लिहा, पाकीटही फेकू नका. इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा, लेखी मागा. उत्तराला मुदत असते, ती चुकवू नका. कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा. चौकशीला एकट्याने बसू नका, सहकारी बरोबर न्या. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि न वाचलेल्या कागदावर तर नाहीच. परत घेताना 'चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र' पुढे करतात. त्यात मी बेकायदेशीर संपात होतो, तोडफोडीत होतो असं एखादं वाक्य घुसवलेलं असेल, तर त्यावर बोट ठेवून ते खोडायला लावा, मग सही करा.

निलंबित केलं तर हात हलवत बसू नका. निर्वाह भत्ता हा तुमचा हक्क आहे: पहिले ९० दिवस निम्मा पगार, त्यापुढे उशीर तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के. हा हक्क स्थायी आदेशांबरोबर येतो, म्हणून कमी कामगारांच्या कारखान्याला ते लागू आहेत की नाही हे आधी विचारून घ्या, नव्या संहितेत ती मर्यादा ३०० वर नेली आहे आणि आपल्याकडचे बरेच कारखाने त्याखाली येतात. काढून टाकलं तर तक्रार लगेच करा. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी तो हातात घेत नाही. पूर्वी बडतर्फीचा वाद नेण्याला तीन वर्षं होती, त्या आठवणीवर विसंबू नका.

पैशाचं घरात आधी बोला. बायकोला मोर्चानंतर सांगणारा माणूस मला पटत नाही, उपाशी राहण्यात तिचाही वाटा आहे. लांबणारा संप असेल तर तीन महिन्यांचं धान्य घरात हवं, हप्ते थांबवता येतात का ते बँकेत जाऊन विचारायला हवं. ब्याऐंशीच्या गिरणी संपात मुंबईत हाल झाले, पण ज्याचं गावी शेत होतं तो गावी येऊन भात लावून जगला. आज आपल्या तालुक्यात फार्महाउसवाल्यांना जमिनी जात आहेत, आणि संपाच्या काळात गरजेपायी तर त्या मातीमोल जातात. नोकरी गेली तरी चालेल, कोर्टात भांडता येईल, पण संपाच्या दिवसांत सातबारावर सही करू नका. दलाल त्याच दिवसांत घर शोधत येतात.

आणि ज्यांना काढलं त्यांना एकटं टाकू नका. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वे बंद पडली, वीसेक दिवसांत संप मोडला, हजारो रेल्वे कामगार नोकरीतून गेले. कसारा-कल्याण मार्गावर रेल्वेवर पोट असलेली घरं कमी नव्हती. १९७७ ला सरकार बदललं, आपले कोकणातले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत कामावर घेतलं. तीन वर्षं त्या घरांना कुणीतरी धरून ठेवलं होतं. आपल्या खात्यातला माणूस बाहेर असेल तर दर पगाराला सगळ्यांनी मिळून त्याच्या पोराची फी भरा. तारखेच्या दिवशी एकाने तरी त्याच्याबरोबर ठाण्याला जा. सकाळच्या गाडीने कल्याण, तिथून लोकल. जेवण बांधून न्या, पुकारा कधी होईल सांगता येत नाही.

ज्यांना अर्ज लिहायला जमत नाही त्यांनी संध्याकाळी माझ्याकडे यावं. दोन कोरे कागद, कार्बन आणि गेटपासची झेरॉक्स आणा.